शेवटचं सामान कुणाकडून घ्यायचं?

परवा इंदूरहून भाऊजींचा फोन आला. रामबाग मुक्तिधामाच्या वाटेवर बांबू, मडकी, गोवऱ्या, पांढरं कापड विकणारे काका दुकान बंद करताहेत. मुलगा दुकानात बसायला तयार नाही. त्यावरून कॉलनीत दोन तट पडलेत. तिरडीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळ्याचं पॅकेज एका कंपनीकडून घ्यावं, असं निम्म्या लोकांचं म्हणणं. बाकीचे संतापलेत, मराठी माणसाच्या दारात आता खांदेकरी भाड्याने आणायचे का? त्यावर पहिले म्हणतात, मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. कॉलनीत उरलेत ते सत्तरीचे. खांदा द्यायचा कुणी?

भाऊजींनी विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातलं आमचं गाव लहान आहे, मराठी घरं सात. फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करणारं ठिकाण, एकच, तेही एका कुटुंबाचं. मालकांचे पणजोबा फर्निचर बनवायचे. शवपेट्याही तेच बनवत, आणि त्यातूनच पुढचा व्यवसाय उभा राहिला. इथल्या कितीतरी फ्युनरल होमची सुरुवात अशीच झालेली आहे. खाली हॉल, वरच्या मजल्यावर कुटुंब राहतं.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत सासूबाई आमच्याकडे आलेल्या असतानाच गेल्या. रात्री दोनला फोन केला आणि मालक स्वतः बर्फातून आले. दारात त्यांनी बूट काढले. मी काही सांगितलं नव्हतं. आधी एका गुजराती घरी ते अशाच वेळी जाऊन आले होते, तेवढ्यावरून त्यांनी लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना त्यांचं माहेश्वरी लुगडं नेसवायचं होतं. मालकांच्या पत्नीने हळूच विचारलं, "आंघोळीचं पाणी कोमट करून ठेवू का?" त्या प्रश्नाने मला रडू फुटलं. पेसमेकर आधी काढावा लागतो, नाहीतर भट्टीत स्फोट होतो. नारळही फुटतो म्हणून तो नको, पण तुळशीपत्र, गंगाजल, पिंड चालतील, हे त्यांनी समजावून सांगितलं. कापूर लावायचा म्हटल्यावर धुराचा अलार्म बंद करवून घेतला आणि तो विझेपर्यंत स्वतः शेजारी उभे राहिले. इथे दहनापूर्वी चोवीस तास थांबावं लागतं, कोरोनरची, म्हणजे मृत्यूच्या कारणाची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लागते. ती धावपळही त्यांनीच केली.

आणि हे सगळं सुरू होण्याआधी त्यांनी आमच्यासमोर छापील दरपत्रक ठेवलं. १९८४ पासून इथे तसा केंद्राचा नियम आहे. प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा दाखवायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा, नको ते गळ्यात मारायचं नाही. शोकातला माणूस घासाघीस करत नाही, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

म्हणजे पैसे आम्हीही दिले, आणि त्यात काही कमीपणा वाटला नाही. कंपन्या इथेही आहेत. सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल या एकाच कंपनीकडे चौदाशेहून जास्त फ्युनरल होम आहेत. कंपन्यांनी विकत घेतलेल्या फ्युनरल होमवर पाटी बऱ्याचदा जुन्या कुटुंबाचीच राहते. फोन उचलणारा मात्र तुम्हाला ओळखत नसतो. आमचे मालक काही दिवसांनी किराणा दुकानात भेटले तेव्हा थांबून विचारलं, "तेरावा झाला का?" शब्द चुकत उच्चारला, पण विचारला. ज्याला उद्या तुमच्यासमोर उभं राहायचं आहे, तो आज वावगं वागत नाही.

इंदूरच्या वादात मला हेच खटकतं. शेजाऱ्यांनी खांदा द्यावाच. पण खांद्याच्या आधीचं आणि नंतरचं काम आपल्याकडेही नेहमी कुणीतरी पैसे घेऊनच करत आलंय, आणि त्या माणसाला आपण कधी माणसांत धरलं नाही. अंत्यविधी करणाऱ्या भटजींना किरवंत म्हणून वेगळं काढलं, लग्नमुंजीत त्यांना जागा दिली नाही. माझे आजोबा गेले तेव्हा याच दुकानवाल्या काकांनी आमच्या अंगणात बसून तिरडी बांधली. सुतळीच्या गाठी कशा मारायच्या, हे आमच्या घरात एकालाही येत नव्हतं. त्यांना पैसे दिले ते वरून सोडून, हाताला हात लागू नये असे. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्यांची उघडी ओंजळ मला अजून दिसते. त्यांचा मुलगाही शेजारी उभा राहून पाहत होता. तोच आज दुकानात बसायला नाही म्हणतो, आणि कॉलनी विचारते, का?

इथे आमच्या मालकांचा मुलगा आनंदाने हेच काम शिकतोय. गावातल्या मुलांच्या बेसबॉल संघाच्या शर्टावर त्यांच्या घराचं नाव असतं. मृत्यूचं काम करणारं घर गावाच्या सणासुदीतही असतं, म्हणून पाचवी पिढीही टिकली.

इंदूरच्या कॉलनीने वर्गणी काढून शववाहन घ्यावं आणि चालवायला काकांच्याच घराला द्यावं. दर एका फलकावर लिहून मुक्तिधामाशी लावावेत. भाऊजींना मी एवढंच म्हटलं, पुढच्या बैठकीला काकांना आणि त्यांच्या मुलाला बोलवा. दारात उभं करू नका. खुर्ची द्या, चहा सगळ्यांच्याच कपात द्या, आणि आधी त्यांना बोलू द्या.