लॅमोट्रिजिनचं पुरळ घामोळं समजून बसलो

मानसिक आजाराच्या गोळ्यांनी अंगावर पुरळ उठतं आणि लोक ते उष्णता समजून सोडून देतात असं एका लेखात म्हटलंय, आमच्या घरी अगदी हेच झालं. धाकट्या बहिणीला बायपोलरसाठी (मूडच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) लॅमोट्रिजिन ही गोळी चालू केली, तिसऱ्या आठवड्यात गळ्याखाली घामोळ्यासारखे लाल ठिपके आले, आईने सब्जा भिजवून दिला, चंदन लावलं. दुसऱ्या दिवशी ताप आणि ओठाच्या आत फोड, मऊ वरणभातसुद्धा गिळवेना, मग मी तिला तशीच उचलून कॅज्युअल्टीला नेलं. स्टीव्हन्स-जॉन्सनची, म्हणजे औषधाच्या रिॲक्शनने अंगावर आणि तोंडात फोड येऊन कातडी सोलवटते त्या जीवघेण्या आजाराची सुरुवात होती, गोळी लगेच बंद केली म्हणून वाचली. ही गोळी पहिले दोन आठवडे २५ मिग्रॅ, मग दोन आठवडे ५० अशीच वाढवतात आणि सोबत व्हॅल्प्रोएट (बायपोलरचंच दुसरं औषध) असेल तर त्याच्याही निम्मी, कारण त्याने लॅमोट्रिजिन रक्तात जास्त वेळ राहतं. हिला व्हॅल्प्रोएट चालू होतं तरी सुरुवातच ५० ने केलेली, हे आम्हाला नंतर कळलं!! खूप राग आला तेव्हा. कार्बामाझेपिन नावाच्या गोळीनेही असं पुरळ होऊ शकतं बरं का. आता ती लिथियमवर आहे, छान आहे, पर्समध्ये ॲलर्जीची चिठ्ठी असते आणि दातांच्या डॉक्टरकडे गेली तरी आधी तीच पुढे करते.