होय महाराजा, सर्व्हर चालू होऊ दे

मार्चात भाऊंना संशय आला, की आपले हापूसचे दुबईचे भाव ऑफिसातून कोणीतरी फोडतंय. भाऊ म्हणजे माझे चुलते, आणि पगार देतात म्हणून मालकही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमचा आंब्याचा धंदा.

"तू कम्प्युटरचं शिकलायस ना? मग सगळ्यांचे मेल मला दिसले पाहिजेत. आलेले, गेलेले, सगळे."

मी शिकलो होतो वेबसाइटची चित्रं सजवायला. पण आमच्याकडे 'कम्प्युटरचं' शिकलेल्याला कार्ट्रिज बदलण्यापासून उपग्रह सोडण्यापर्यंत सगळं यावंच लागतं.

तशी रत्नागिरीला पाळत नवी नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणलं ते १९१६ मध्ये तो वारला तोवर नजरेखाली ठेवलं. त्यासाठी सरकारचा पैसा होता. भाऊंनी मला दिला अकाउंटच्या वहिनींनी टाकलेला जुना पीसी, आणि जागा दिली आढीच्या खोलीत, कारण इन्व्हर्टरची लाइन तिथवरच आलेली. पीसीच्या गरम वाऱ्याने त्या बाजूचे आंबे बाकीच्यांच्या दोन दिवस आधी पिकले. या सबंध प्रकल्पातून झालेला तेवढाच फायदा.

पोस्टफिक्स नावाचा मेल सर्व्हर, म्हणजे मेलची ने-आण करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. वीट्से व्हेनेमा या डच माणसाने तो लिहिला, १९९८ पासून जगभर चालतोय. त्यात 'ऑलवेज बीसीसी' अशी एक ओळ लिहायची सोय आहे. ती लिहिली, की सर्व्हरवरून जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत गुपचूप आपण सांगू त्या खात्यात पडते. एक ओळ! चहा येईपर्यंत आटपेल म्हणून मी बसलो. आटपलं १९ दिवसांनी.

आधी कळलं, की २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरून मेल बाहेर पडायचं दार, बंद आहे. साध्या कनेक्शनवरून कोणी स्पॅम सोडू नये म्हणून इंटरनेटवाले ते बंदच ठेवतात. मग जादा पैसे भरून कायमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा घर नंबर, घेतला, तर तो झपाटलेला निघाला. आमच्या आधी तो ज्याच्याकडे होता त्याने त्यावरून काय काय विकलं होतं देव जाणे. पत्ता स्पॅम सोडणाऱ्यांच्या काळ्या यादीत. आमचा 'आंब्याचा मोहोर उत्तम' एवढा निष्पाप मेलही लोक दारातूनच परत पाठवत. यादीवाल्यांच्या साइटवर अर्ज करायचा असतो: मागचा दोष आमचा नव्हे, आता इथे सज्जन राहतात. मी फॉर्म भरत असताना भाऊ मागे उभे. म्हणाले, "हे तर गाऱ्हाणंच. नीट घाल. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे म्हणावं." मी तसंच लिहिलं, इंग्रजीत. तीन दिवसांनी बाधा उतरली.

तरी मेल स्पॅममध्येच. ईमेलचे मूळ नियम १९८२ चे. पाठवणारा खरा तोच का, हे विचारायची रीत त्यांत नव्हती. पाकिटावर हवं ते नाव टाका. पुढे भामटे वाढले आणि दाखले आले. आमचा मेल कुठल्या सर्व्हरवरून निघतो त्याची यादी म्हणजे एसपीएफ, मेलवरची सही म्हणजे डीकेआयएम. ही दोन्ही मी केली. तिसरा रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद. ती इंटरनेटवाल्यांनीच करायची. ग्राहक सेवेच्या ताईंना मी सहा वेळा समजावलं. सहाही वेळा त्या म्हणाल्या, "सर, राउटर बंद करून चालू करा." सातव्या वेळी मीच आधी सांगितलं, "ताई, बंद करून चालू केलाय." त्यांनी फोन वरच्या साहेबांना दिला आणि काम पाच मिनिटांत झालं.

सर्व्हर चालू झाला. कामगारांना न सांगता हे करू नये, असं मी भाऊंना बजावलं होतं. त्यांनी सांगितलं, तेही फळ्यावर, खडूने: 'उद्यापासून सर्व मेल मी वाचणार.' दुसऱ्या दिवसापासून मेलची भाषाच बदलली. गोडाऊनमधून वहिनींना आलेला मेल: 'आदरणीय भाऊंच्या कृपेने पेंढा संपला आहे.'

भाऊंना मात्र वेगळंच दिसलं. "प्रत्येक मेल दोन दोनदा पाठवतायत. का रे?" पाठवत नव्हते. व्हायरस तपासायला मेल फिल्टरकडे जातो, तिथून पुन्हा सर्व्हरमध्ये शिरतो, आणि ती माझी एक ओळ दोन्ही खेपेला प्रत काढते. दुसऱ्या खेपेला ती काढू नको, असं सांगणारी सेटिंग असते. ती मला आठवड्याने सापडली. तोवर भाऊंनी वहिनींशी बोलणं टाकलं होतं.

आणि भाऊ स्क्रीनवर वाचत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे ज्यांच्यावर पाळत त्याच वहिनी रोज सकाळी आपले सगळे मेल छापून भाऊंच्या टेबलावर ठेवत. आठवडाभर दोन दोन प्रती. भाऊ वरची चार पानं वाचत आणि गठ्ठा खाली सरकवत.

एप्रिलच्या शेवटी वाशीच्या दलालाचा फोन आला. त्याच्याकडे आमचा दुबईचा भाव रुपया-पैशासकट होता. "आमच्याशी असा भेदभाव का, भाऊ?"

भाऊंनी फोन ठेवला आणि थंड आवाजात म्हणाले, "लॉग काढ. हा मेल त्याला कोणी पाठवला?"

मी रात्रभर लॉग, म्हणजे सर्व्हरची आवक-जावक वही, चाळला. वाशीला एकही मेल गेलेला नव्हता.

सकाळी गोडाऊनमध्ये पेट्या भरणं चालू होतं. पेंढा संपल्याला आठवडा झाला होता. पोरगा पेटीच्या तळाशी कागदाचे बोळे घालत होता, आणि शेजारी भाऊंच्या टेबलाखालचा गठ्ठा अर्ध्यावर आला होता.