लुसैलची फायनल सर्वश्रेष्ठच, पण शेवटच्या ४० मिनिटांमुळे नाही

फुटबॉलमधली आजवरची सर्वश्रेष्ठ फायनल कोणती, हा वाद निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक: "१८ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना-फ्रान्स, विषय संपला." दुसरं: "पण पहिली ८० मिनिटं तर एकतर्फीच होती, मग अख्खी मॅच महान कशी?"

पहिलं मला मान्य आहे: कतारमधल्या लुसैलला झालेली ती वर्ल्ड कप फायनलच सर्वश्रेष्ठ. दुसऱ्याला उत्तर द्यायला हवं म्हणून ही लांबलचक पोस्ट. माझं म्हणणं असं की त्या एकतर्फी ८० मिनिटांमुळेच ही फायनल सगळ्यांच्या वर जाते. ती बाजूला काढली तर उरतात फक्त भराभर झालेले गोल, आणि तसे सामने पुष्कळ आहेत.

माझी कसोटी साधी आहे. सामना फिरला, तर तो कुठे आणि कशामुळे फिरला हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आणि एकाने चाल केली की दुसऱ्याकडे तिचं उत्तर असलं पाहिजे, त्या उत्तरालाही प्रत्युत्तर. गोल किती झाले, कोण रडलं, कोणाचा शेवटचा वर्ल्ड कप होता, हे सगळं नंतर.

आता लुसैल. अर्जेंटिनाचा प्रशिक्षक स्कालोनीने त्या दिवशीची सर्वांत मोठी चाल शिट्टी वाजण्याआधीच केली होती. आंखेल दि मारिया पोलंडविरुद्धच्या गटसामन्यानंतर एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळला नव्हता. उपांत्य सामन्यात तर तो मैदानात उतरलाच नाही. त्याला थेट फायनलमध्ये घेतलं आणि एरवीच्या उजव्या बाजूऐवजी डावीकडे, टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून उभं केलं. कारण समोर होता ज्यूल्स कुंदे, मुळातला सेंटर बॅक (मधला बचावपटू), जो फ्रान्ससाठी राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) खेळत होता. त्याच्या पुढे उस्मान डेम्बेले, ज्याचं सगळं कसब चेंडू पायाशी असताना दिसतं, मागे धावत येऊन बचाव करताना नाही. म्हणजे फ्रान्सच्या भिंतीत जिथे एक वीट सैल होती, नेमकी तिथेच पहार घातली.

दुसऱ्या बाजूला फ्रान्सच्या एम्बापेचा बंदोबस्त. मोलिना त्याच्यासमोर आणि दे पॉल सतत आतल्या बाजूने मदतीला. मधल्या फळीत एन्झो फर्नांडेस आणि मॅक अॅलिस्टर यांनी ग्रीझमनला वळायलाच जागा दिली नाही. त्या स्पर्धेत फ्रान्सचा खेळ ग्रीझमनच्या पायातून सुरू होत होता, हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं समजतं. फ्रान्स वाईट खेळला असं म्हणणं अर्धवट आहे. फ्रान्सला खेळू दिलं गेलं नाही.

२१व्या मिनिटाला दि मारियाने डेम्बेलेला चकवून आत वळण घेतलं, डेम्बेलेचा मागून पाय लागला, पेनल्टी. २३व्या मिनिटाला मेस्सीचा गोल. ३६व्या मिनिटाचा दुसरा गोल तर प्रशिक्षकांनी मुलांना दाखवावा असा. मॅक अॅलिस्टरचा पास मेस्सीकडे, मेस्सीने एकाच स्पर्शात वळवलेला चेंडू आल्वारेझकडे, त्याने तो पुढे धावत सुटलेल्या मॅक अॅलिस्टरच्या वाटेत टाकला, आणि त्याने आडवा पास दिला तेव्हा डावीकडे दि मारिया मोकळा होता. ज्याने चेंडू बाहेर काढला, तोच मैदान ओलांडून शेवटचा पास द्यायला हजर. तो गोल धावण्याचा आहे, फटक्याचा नाही.

मग फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांचं उत्तर आलं, ४१व्या मिनिटाला. मध्यंतराला चार मिनिटं उरली असताना त्यांनी जिरू आणि डेम्बेले दोघांनाही बाहेर काढलं. जिरू म्हणजे त्या वेळी फ्रान्सकडून सर्वाधिक गोल केलेला खेळाडू. वर्ल्ड कप फायनलमध्ये असा निर्णय घ्यायला किती कठोर मन लागतं! मार्कस थुराम डावीकडे, कोलो म्वानी उजवीकडे आणि एम्बापे मध्यभागी. पुढची जवळपास ४० मिनिटं या बदलाचं फळ दिसलं नाही, म्हणून लोक तो विसरतात. पण फ्रान्सच्या तिन्ही गोलांची मुळं तिथेच आहेत.

६४व्या मिनिटाला दि मारिया बाहेर, अकुन्या आत. या सामन्याचं सगळ्यात महत्त्वाचं मिनिट कोणतं असं विचारलं, तर मी हेच सांगेन. दि मारिया दमला होता, दुखापतीतून आला होता, त्याला काढण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण तो गेला आणि डावीकडून फ्रान्सला मागे रेटणारं कोणी उरलं नाही. दडपण आलं की चेंडू नेऊन ठेवायची जागाच गेली. ७१व्या मिनिटाला देशाँ यांनी त्याच बाजूला ताजातवाना कोमान उतरवला, ग्रीझमनला काढलं, आणि तेओ एर्नांदेझच्या जागी लेफ्ट बॅक म्हणून कामाविंगा हा मिडफिल्डर आणला. आता पुढे चार जण: कोमान, कोलो म्वानी, एम्बापे, थुराम. मधली फळी जवळजवळ रिकामी सोडून लांब पास टाकायचे आणि धावण्याच्या जोरावर जिंकायचं.

अर्जेंटिनाचा जुना रोगही इथेच वर आला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २-० पुढे होते, शेवटी २-१ वर कसेबसे निभावले. नेदरलँड्सविरुद्ध २-० होते, ८३व्या आणि ९०+११व्या मिनिटाला गोल खाऊन २-२ झाले. आघाडी मिळाली की हा संघ दहा-दहा पावलं मागे सरकायचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: मागे सरकलात की दुसरा चेंडू समोरच्याचा. हेड करून परतवलेला चेंडू जिथे पडतो तिथे आपला माणूसच नसतो.

८०व्या मिनिटाला लांब पासवर कोलो म्वानी ओटामेंडीच्या पुढे निघाला, पेनल्टी. फ्रान्सचा गोलच्या दिशेने गेलेला पहिला फटका हाच. ती एम्बापेने मारली, अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझचा हात लागूनही चेंडू आत गेला. त्यानंतर ९७ सेकंदांत दुसरा. कोमानने खुद्द मेस्सीच्या पायातून चेंडू हिसकावला, राबियोचा पास, एम्बापेने डोक्याने थुरामकडे दिला, थुरामने अलगद उचलून परत दिला आणि एम्बापेने तो जमिनीवर पडू न देता मारला. कोमान ७१व्या मिनिटाला आलेला, थुराम ४१व्या. यात नशीब कुठे आहे?

यानंतर जे झालं ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. ९०+७ ला मेस्सीचा जोरदार फटका फ्रान्सचा गोलकीपर लोरिसने बारवरून काढला. जादा वेळेत स्कालोनीने लौतारो आणि पारेदेसला आणलं, आणि १०८व्या मिनिटाला लौतारोचाच फटका लोरिसने परतवल्यावर मेस्सीने गोल केला. कुंदेने चेंडू बाहेर मारला तोवर तो रेषा ओलांडून गेला होता. मग अर्जेंटिनाच्या मोंतिएलच्या हाताला चेंडू लागला, पुन्हा पेनल्टी, आणि ११८व्या मिनिटाला एम्बापेची हॅटट्रिक. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधली १९६६ च्या जेफ हर्स्टनंतरची दुसरीच.

आणि १२०+३. कोनातेचा लांब चेंडू, ओटामेंडी चुकला, कोलो म्वानी एकटा. मार्टिनेझने यात दोन गोष्टी बरोबर केल्या. तो पुढे आला, पण लवकर आडवा पडला नाही. फटका निघेपर्यंत उभा राहिला, हात पसरले आणि डावा पाय शक्य तितका लांब टाकला. आधीच खाली पडला असता तर चेंडू त्याच्यावरून गेला असता. कोलो म्वानीला आत धावणाऱ्या एम्बापेकडे पास द्यायची वाट होती, त्याने फटका निवडला. लगेच दुसऱ्या टोकाला लौतारोचं हेडर बाहेर. काही सेकंदांत वर्ल्ड कप दोन्हीकडे जाऊन आला.

आता आक्षेप. सहापैकी तीन गोल पेनल्टीवर आणि निकालही शूटआउटवर (बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर), याला महान म्हणायचं का? शूटआउटने निकाल लागणं मलाही आवडत नाही. पण या तीन पेनल्टी कशा मिळाल्या ते पाहा. पहिली दि मारियाच्या जागेमुळे, दुसरी चार जण पुढे ठेवल्यामुळे, तिसरी एम्बापेचा फटका अडवताना. तिन्ही खेळातून आलेल्या. पंच मार्चिनियाक यांनी ८७व्या मिनिटाला थुरामला पडण्याचं नाटक केल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे पेनल्टी वाटत सुटलेला पंच तो नव्हता. शूटआउटमध्येही डोकं लागलं: दिबालाला १२०व्या मिनिटानंतर निव्वळ पेनल्टीसाठी आत आणलं आणि त्याने गोल केला. कोमानची पेनल्टी मार्टिनेझने अडवली. चुआमेनीच्या वेळी त्याने चेंडू लांब फेकून त्याला चालत जायला लावलं आणि चुआमेनीचा फटका बाहेर गेला. हे मला खिलाडूपणाचं वाटत नाही. पुढच्याच वर्षी नियमांमध्ये गोलकीपरने पेनल्टी मारणाऱ्याचं लक्ष विचलित करू नये हे स्पष्ट लिहिलं गेलं, ते योग्यच झालं. शेवटची पेनल्टी मारून कप अर्जेंटिनाला मिळवून दिला तो मोंतिएलने, ज्याच्या हाताला चेंडू लागला होता.

बाकीच्या दावेदारांपैकी १९९९ ची बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीग फायनल (मँचेस्टर युनायटेड-बायर्न म्युनिक) मी लगेच बाजूला ठेवतो. शेरिंगहॅम आणि सोल्शेअरचे ९०व्या मिनिटानंतरचे दोन गोल अविश्वसनीयच. पण त्याआधी बायर्नचे शोल पोस्टवर, यांकर बारवर मारून चुकले होते, आणि कीन-स्कोल्सविना युनायटेडला मधली फळी सापडतच नव्हती. शेवट महान, सामना साधारण. १९७० चा ब्राझील महान संघ, पण ४-१ च्या फायनलमध्ये इटलीकडे ६६व्या मिनिटानंतर उत्तरच नव्हतं. त्याच मैदानावर चार दिवस आधी झालेला इटली-पश्चिम जर्मनी ४-३ हा सामना त्याहून थरारक, फक्त तो उपांत्य होता. १९६० ला ग्लासगोत युरोपियन कपच्या फायनलमध्ये रेआल माद्रिदने फ्रँकफर्टला ७-३ ने हरवलं, पुश्काशचे चार, दि स्टेफानोचे तीन. पाहावा तितका थोडा, पण निकाल लवकर ठरला.

१९५४ चं बर्न, म्हणजे पश्चिम जर्मनी-हंगेरी वर्ल्ड कप फायनल, जवळ येतं. हंगेरी चार वर्षं अपराजित, गटात याच जर्मनीला ८-३ ने हरवलेलं, फायनलमध्ये आठ मिनिटांत २-०. आणि १८व्या मिनिटाला २-२! ८४व्या मिनिटाला राह्नचा गोल, मग पुश्काशचा गोल ऑफसाइड. पाऊस, चिखल आणि जर्मनांच्या बुटांना बदलता येणारे लांब स्टड. पण पुश्काशचा घोटा त्याच ८-३ च्या सामन्यात दुखावलेला होता आणि तेव्हा बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती. म्हणजे प्रशिक्षकाला उत्तर द्यायचं तर हातात काहीच नाही. शिवाय हा सामना आज बहुतांशी तुकड्यांतच पाहायला मिळतो, आणि तुकड्यांवरून पूर्ण सामन्याला पहिला नंबर देणं मला पटत नाही.

इस्तंबूल, २५ मे २००५, मिलान-लिव्हरपूल चॅम्पियन्स लीग फायनल, मात्र खरा प्रतिस्पर्धी. मिलान मध्यंतराला ३-० पुढे. मिलानचा काका हा खेळाडू लिव्हरपूलच्या जेरार्ड आणि अलोन्सोच्या मागे मोकळ्या जागेत चेंडू घेत होता, कारण तिथे लिव्हरपूलचा कोणीच नव्हता. लिव्हरपूलचे प्रशिक्षक बेनीतेझ यांनी हामानला तिथे बसवलं, मागे तिघे ठेवले आणि जेरार्डला वर सोडलं. ५४, ५६, ६०: जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो. सहा मिनिटांत बरोबरी. मिलानने शेवटी ताज्या सेर्जिन्योला डावीकडून सोडलं, तर जेरार्ड स्वतः राइट बॅक झाला. शेवचेन्कोचे लागोपाठचे दोन फटके लिव्हरपूलचा गोलकीपर दुदेकने अडवले. उत्तरं-प्रत्युत्तरं इथेही आहेत. पण बरोबरीनंतर लिव्हरपूल फक्त तगून राहिलं, जिंकू शकेल असं क्वचितच वाटलं. लुसैलमध्ये १२३व्या मिनिटाला दोघंही जिंकू शकत होते.

माझा दुसरा क्रमांक मात्र इस्तंबूलला नाही, १७ जुलै २०११ च्या फ्रँकफर्टला आहे. महिला वर्ल्ड कप, जपान-अमेरिका, २-२. आपल्याकडच्या याद्यांत हा सामना नसतो, ही मोठी चूक आहे. त्याआधी जपान अमेरिकेविरुद्ध एकही सामना जिंकला नव्हता. अमेरिकेने सुरुवातीला हल्ल्यांवर हल्ले केले, वॉम्बॅकचा फटका बारवर आदळला. ६९व्या मिनिटाला मॉर्गनचा गोल, ८१व्या मिनिटाला मियामाची बरोबरी, १०४ ला वॉम्बॅकचं हेडर. उंच, ताकदवान अमेरिकन बचावासमोर हवेतल्या चेंडूवर जपानचा निभाव लागणं शक्य नव्हतं. म्हणून ११७व्या मिनिटाला मियामाने कॉर्नर उंच न टाकता जवळच्या पोस्टकडे मारला, आणि होमारे सावाने सगळ्यांच्या पुढे येऊन उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तो आत वळवला. मग शूटआउटमध्ये अमेरिकेच्या पहिल्या तिन्ही पेनल्टी हुकल्या आणि कप जपानला. लुसैल याच्यावर राहतं ते एवढ्याचसाठी की तिथे दोन्ही बाकांवरून चाली होत राहिल्या. फ्रँकफर्टमध्ये उत्तरं शोधावी लागली ती जास्त करून जपानलाच.