‘सेक्वी’ ही संस्कृतची लेक नव्हे, बहीण

व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतो आहे. लॅटिनमधले ‘सेक्वी’ म्हणजे मागून जाणे हे क्रियापद संस्कृत ‘सच्’ धातूपासून निघाले, म्हणून ‘सिक्वेन्स’, ‘सेकंड’, ‘सोशल’ हे शब्द मुळात संस्कृतच, असा त्याचा दावा. संस्कृतवर माझे प्रेम आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

पहिला आधार साम्याचा. साम्य खरेच आहे, आणि सुंदर आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताच्या अखेरीस अग्नीला विनवले आहे, ‘सचस्वा नः स्वस्तये’: कल्याणासाठी आमच्या सोबत राहा. ‘सचिव’ याच धातूचा, मूळ अर्थ सोबती. लॅटिन ‘सोकिउस’ म्हणजेही सोबती, त्यावरून पुढे ‘सोशल’. पण साम्यावरून नाते कळते. आई कोण, ते कळत नाही.

ते सांगतो ‘सच्’च्या ‘सचते’ (तो सोबत जातो) या रूपामधला ‘च’. पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला की ‘क’चा ‘च’ होतो, हे अनेक भाषांत घडले आहे. लॅटिन ‘केंटुम’ (शंभर) इटालियनमध्ये ‘चेंतो’ झाले. ‘सचते’त मात्र ‘च’नंतर ‘अ’ आहे. मग ‘च’ आला कसा? त्याच अर्थाचे ग्रीक भावंड पाहा: ‘हेपेताइ’. तिथे ऱ्हस्व ‘ए’ अजून शाबूत आहे. संस्कृतच्या पूर्वरूपातही तो होता. त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि नंतर स्वतः ‘अ’ झाला. शाळेत पाठ केलेले ‘चकार’, ‘जगाम’ आठवा. द्वित्वात, म्हणजे धातूचे पहिले अक्षर दोनदा येते तेव्हा, पहिल्या जागी ‘क’चा ‘च’ होतो, ‘ग’चा ‘ज’. पाणिनीने त्यासाठी ‘कुहोश्चुः’ हे सूत्र दिले. त्यामागचे कारण लॅटिनच्या द्वित्वात दिसते: ‘कादो’ (मी पडतो), ‘केकिदी’ (मी पडलो). पहिल्या अक्षरात तोच ‘ए’! लॅटिन संस्कृतातून जन्मली असती, तर आईने हरवलेला स्वर लेकीला नेमक्या जागी कुठून सापडला असता?

दुसरा आधार: ऋग्वेद लॅटिन लेखांहून जुना. आहेच. पण थोरली बहीणही वयाने मोठीच असते.

तिसरा आधार ब्रिटिश भाषापंडित विल्यम जोन्स यांचा. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी संस्कृतला ग्रीकहून परिपूर्ण आणि लॅटिनहून समृद्ध म्हटले, हे खरे. पण त्याच ओघात ते म्हणाले की या तिन्ही भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. संदेशात स्तुती ठेवली आहे आणि हा भाग गाळला आहे. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच.