चिमण्या टॉवरने नेल्या नाहीत

गुढीपाडव्याच्या आसपास दरवर्षी एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच असतं. मोबाईल टॉवरमुळे शहरातल्या चिमण्या संपल्या. आपल्या रखरखीत गावात वसंतात ना पाखरू दिसतं ना फुलपाखरू. गच्चीवर तांदूळ आणि पाणी ठेवा म्हणजे चिमण्या परत येतील. आणि घरट्यातून पडलेल्या पिल्लाला हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्याला टाकून देते. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच यातला एकेक मुद्दा तपासायला हवा. कारणच चुकीचं धरलं तर एवढी तळमळ वाया जाते.

आधी टॉवर. चिमण्या घटल्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं. तिथली घट १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि मोबाईल सेवा आली १९८५ साली. जो टॉवर उभाच नव्हता, त्याने चिमण्या कशा मारल्या? आपल्याकडे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल निघाला. देशभराचा विचार केला तर पंचवीसेक वर्षांत चिमण्यांची संख्या बऱ्यापैकी टिकून आहे, मुंबई-दिल्लीसारख्या सहा महानगरांत मात्र ती हळूहळू कमी होते आहे, असं त्यात आढळलं. टॉवरच्या लहरींमुळे ती घटली, याला पुरावा मिळत नाही, हेही त्यात म्हटलं आहे.

मग आपल्या गल्लीतली चिमणी गेली कुठे? घरांकडे बघा. जुन्या माळवदाच्या घरात लाकडी तुळया, त्यांच्यामधल्या खाचा, दगडी भिंतीतली भोकं, कोनाडे, भिंतीवरच्या तसबिरीमागची जागा असं सगळं होतं. चिमणीला याहून जास्त काही लागत नाही. माळवदं उतरली, स्लॅब पडले, भिंती गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या. घरटं लावायला बोटभर फट उरली नाही. उलट जिथे भुसार दुकानांचे जुने पत्रे आणि वळचणी शाबूत आहेत, तिथे डोक्यावर टॉवर असूनही चिवचिवाट चालू असतो.

दुसरी गोष्ट खाण्याची, आणि तांदळाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. मोठी चिमणी दाणे टिपते, पण पिल्लाला पहिले काही दिवस अळ्या, मावा, कोळी असंच मऊ खाद्य लागतं. पंधरवड्यात ते पिल्लू उडण्याजोगं व्हायचं असतं आणि नुसत्या दाण्यांवर तेवढी वाढ होत नाही. आपण कुंडीतल्या प्रत्येक अळीवर औषध मारायचं, अंगणात फरशी घालायची आणि गच्चीवर मूठभर तांदूळ टाकून चिमणीची वाट बघायची, हे जुळत नाही. दाणे घालायचेच तर ज्वारी-बाजरीची कणी घाला, पण आधी एक कोपरा माती आणि झुडपांसाठी सोडा. पाण्याबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. आपला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उथळ मातीचं भांडं सावलीत ठेवलं तर पाखरांना खरंच उपयोग होतो. त्यात बसायला एखादा दगड ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डास होतात.

‘रखरखीत गावात पाखरू दिसत नाही’ हा दावा ज्याने लिहिला, त्याने मार्चमध्ये मान वर करून पाहिलेलं नसावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुलतात आणि त्यांवर भोरड्यांचे थवे तुटून पडतात. हिवाळाभर ज्वारीच्या रानात शेतकऱ्याला गोफण घ्यायला लावणाऱ्या याच भोरड्या. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाच्या दिशेने निघून जातात, कारण त्यांची वीण तिकडे होते. पाडव्याच्या सुमारास कडुनिंब मोहरतो. ‘टुक टुक टुक’ असा एकसुरी आवाज दुपारभर येतो तो तांबटाचा, आणि पहाटे ओरडणारा काळा कुळकुळीत पक्षी म्हणजे कोकीळ नर. मादी ठिपक्यांची असते आणि ‘कुहू’ करत नाही. कोकीळ वसंतात बाहेरून येतो असंही नाही. तो वर्षभर इथेच असतो, फक्त गप्प असतो. कावळ्याची वीण सुरू होते तेव्हा त्याचा गळा मोकळा होतो, कारण त्याच्या मादीला अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालायची असतात.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो तोही बघण्यासारखा. हिवाळ्यात पिवळट पोटावर एक काळी रेघ मिरवणारा नर आता पूर्ण काळा दिसतो आणि उन्हात वळला की निळा-जांभळा चमकतो. मादी कोळ्याच्या जाळ्याने काड्या-कचरा बांधून दुधीसारखं लोंबतं घरटं विणते, कधी कधी कपडे वाळत घालायच्या तारेवर. जळमट समजून ते झाडूने काढू नका.

फुलपाखरं पावसाळ्यानंतर जास्त दिसतात हे खरं, पण वसंतात ती नसतात हे खोटं. दारच्या कढीपत्त्याची पानं उलटून बघा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी ही लिंबावर, कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवी होते. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-चार पानं तिने खाल्ली तर कढीपत्ता मरत नाही.

पिल्लाबद्दलची समजूत सर्वांत घातक आहे, कारण ती ऐकून लोक पिल्लू मांजरापुढे सोडून निघून जातात. आपल्या हाताच्या वासावरून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू दिसलं आणि घरटं हाती लागत असेल, तर उचलून परत ठेवा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा, आई-बाप चारा घेऊन येतात. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आता मेसेजमध्ये जे नाही त्याबद्दल. सोलापूरने खरोखर गमावलेला पक्षी म्हणजे माळढोक. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं आणि आज तो तिथे दिसणं जवळजवळ थांबलं आहे. जगभरात दीडशेच्या आत उरलेत. माळरान म्हणजे पडीक जमीन, असं म्हणत आपण ती नांगरली, त्यावर झाडं लावली, वरून विजेच्या तारा ओढल्या. त्याच माळावर आज उन्हात डोंबारी चंडोल हवेत चढून सूर मारत खाली येतो, काळवीट चरतात, लांडगा फिरतो. चिमणीसाठी पाठवलेल्या मेसेजांपैकी निम्मे जरी या माळासाठी पाठवले असते तर बरं झालं असतं.

आणि टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांना एक विनंती. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे बुलबुल, शिंपी, कावळे घरट्यांवर असतात नेमकं तेव्हा. ही छाटणी पाखरांची वीण सुरू होण्याआधी उरकून घ्यावी, या मागणीसाठी त्या सह्या वापरा. आणि तोवर आपल्या गल्लीत कोयता घेऊन कुणी आलं तर आधी फांदीत घरटं आहे का, एवढं त्याला बघायला लावा.