दार कुणी लावलं, बाहेर कोण राहिलं

रविवारी संध्याकाळी पार्क चौकातल्या कट्ट्यावर विषय निघाला हस्तांदोलनाचा. 2025 च्या आशिया चषकात आपल्या पोरांनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवले नाहीत, अंतिम सामना जिंकूनही आशियाई क्रिकेट परिषदेच्या पाकिस्तानी अध्यक्षांकडून चषक घेतला नाही. श्रीनिवासला ते पटलेलं, सिद्धूला अजून खुपतंय. "खेळात राजकारण कशाला आणायचं बे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्या वाक्यावर मी भांडलो, कारण आशियातल्या स्पर्धा राजकारणाशिवाय कधी झाल्याच नाहीत. 1986 चा आशिया चषक श्रीलंकेत होता, आपण गेलो नाही. पुढं 1990-91 ला तो भारतात होता, पाकिस्तान आला नाही. 1993 चा तर रद्दच झाला. आणि आशियाई खेळ? मार्च 1951 मध्ये दिल्लीत पहिले खेळ झाले, 11 देश आले, त्यात जपान होता. त्याच जपानला 1948 च्या लंडन ऑलिंपिकला बोलावलं नव्हतं. त्या देशावर अजून परकी फौजांचा ताबा होता, शांतता करारावर सह्याही व्हायच्या होत्या. तरी दिल्लीनं त्यांच्या खेळाडूंना मैदान दिलं. हे राजकारणच होतं, पण दार उघडणारं. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

"मग बिघडलं कुठं?" इरफाननं विचारलं.

जकार्ताच्या आशियाई खेळांत, 1962 मध्ये. इंडोनेशियानं सोव्हिएत मदतीनं एवढं मोठं स्टेडियम बांधलं, आणि इस्रायल नि तैवानच्या खेळाडूंना व्हिसाच दिला नाही. अरब देश आणि चीनला दुखवायचं नव्हतं. आपले गुरुदत्त सोंधी, ज्यांनी हे खेळ उभे केले, ते म्हणाले, दोन सदस्यांना बाहेर ठेवलंय तर ह्याला आशियाई खेळ म्हणू नका. झालं. जमाव भारतीय दूतावासावर चालून गेला, तोडफोड झाली. आणि दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबरला, आपला फुटबॉलचा अंतिम सामना! समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी साखळीत आपल्याला 2-0 नं हरवलेलं. अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके होते, तो बचावपटू, पण प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवलं. पी. के. बॅनर्जीनं एक गोल मारला, जर्नैलनं दुसरा. 2-1. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही.

एवढं सांगेपर्यंत चहा गार झाला होता. सिद्धू म्हणाला, "बघ की, मी तेच सांगलालोय. बोलले सोंधी, शिव्या खाल्ल्या पोरांनी."

त्याचं हे बरोबर होतं. पुढं तर याहून वाईट झालं. ऑलिंपिक समितीनं इंडोनेशियाला निलंबित केलं, तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी नोव्हेंबर 1963 मध्ये जकार्तालाच आपली वेगळी स्पर्धा भरवली, गानेफो नावाची, म्हणजे नव्यानं उभ्या राहणाऱ्या देशांचे खेळ. तिथं उत्तर कोरियाची शिन गुम-दान धावली. 400 आणि 800 मीटरमध्ये जगात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. पण गानेफोत धावली म्हणून 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला तिच्यावर बंदी. उत्तर कोरियाचा सगळा संघच परत फिरला. तिचे वडील कोरियाच्या युद्धात दक्षिणेत गेलेले, ते तिला भेटायला टोकियोत आले. बाप-लेकीला काही मिनिटं मिळाली आणि तिला निघावं लागलं. ह्यात तिचा काय गुन्हा होता? हे वाचल्यापासून मला ती विसरता येत नाही.

"म्हणजे दार कधीच लावायचं नाही?" श्रीनिवासनं मला बरोबर पकडलं. "ऑगस्ट 1990 ला इराकनं कुवेत घेतलं. आशियाई ऑलिंपिक परिषदेचे अध्यक्ष शेख फहद त्याच हल्ल्यात मारले गेले. पुढच्याच महिन्यात बीजिंगचे आशियाई खेळ. इराकला येऊ द्यायचं होतं?"

नाही, म्हणालो मी. तिथं बंदी योग्यच होती. पण इराकी धावपटूनं कुवेतवर रणगाडा नेला नव्हता, हेही खरं. ह्या दोन्हींचा मेळ मला अजून घालता येत नाही.

मग इरफान बोलला. तो मुलींना कबड्डी शिकवतो, सकाळी सहाला मैदानावर असतो. त्यानं 2023 ची आठवण काढली. अरुणाचलच्या तीन मुली, वुशू ह्या चिनी युद्धकलेच्या खेळाडू. अरुणाचल आपलंच म्हणणाऱ्या चीननं जुलैमध्ये त्यांना पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळ्या कागदावर नत्थी केलेला व्हिसा दिला, तेव्हा चेंगडूच्या विद्यापीठ स्पर्धेतून आपण वुशूचा अख्खा संघ मागं घेतला. सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांना त्याच तिघींना पुन्हा अडवलं. ह्या वेळी क्रीडामंत्र्यांनी आपला दौरा रद्द केला, संघ मात्र गेला.

"सगळ्यांनीच परत यायला पाहिजे होतं," श्रीनिवास म्हणाला.

"मग वुशूच्याच रोशिबिना देवीनं इतकी वर्षं गाळलेल्या घामाचं काय करायचं?" इरफाननं विचारलं. मणिपूरची रोशिबिना गेली, रौप्य जिंकली, आणि पदक हातात घेऊन ह्या अरुणाचलच्या मैत्रिणींची आठवण काढली. "ती गेली नसती तर तिथं उभं राहून त्यांची नावं कुणी घेतली असती?"

श्रीनिवास थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि तुझ्या संघातल्या तीन पोरींना उद्या दारात अडवलं तर? बाकीच्यांना घेऊन आत जाशील?"

इरफाननं उत्तर दिलं नाही. सकाळी लवकर उठायचंय म्हणाला आणि गाडीला किक मारली.