तू थांबली नाहीस

भाच्याचं अप्रेझल झालं. हिंजवडीतली नोकरी, दुसरं वर्ष. शेरा आला: ‘काम उत्तम, पण मीटिंगमध्ये बोलत नाही.’ घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. भाऊजींचं म्हणणं, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. पोराला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला घाला. ताईचं म्हणणं, फिनलंडमध्ये सगळे गप्पच असतात, त्यांचं काय अडलंय? आणि दोघांनी मिळून मला पंच केलं.

आता मी कसली पंच! माझा तोंडाचा पट्टा झोपेतही चालतो, असं आजी म्हणायची. इथे फिनलंडमध्ये, एस्पू शहरात टीम लीड झाले तेव्हा मी प्रश्न विचारायचे, दोन सेकंद वाट बघायचे आणि कुणी बोललं नाही की उत्तरही मीच देऊन टाकायचे. फिनिश माणसं ऐकताना श्वास आत ओढत ‘यो’ म्हणतात. दचकल्यासारखा आवाज येतो. बहुतेकदा अर्थ एवढाच, की ऐकतोय. मी तो होकार धरला. जुना डेटा नव्या सिस्टिमवर चढवायचा प्लॅन असाच चार ‘यो’वर मंजूर करून मोकळी झाले.

दुपारी टीममधल्या सगळ्यात अबोल माणसाची दोन ओळींची मेल आली. जुने ग्राहक क्रमांक दोन वेगळ्या पद्धतींनी दिलेले आहेत. असंच चढवलं तर एकाचं बिल दुसऱ्याला जाईल. कॉफीच्या वेळी मी त्याला गाठलं. सकाळीच का नाही बोललास? त्याने कप विसळला, पालथा घातला आणि म्हणाला, “तू थांबली नाहीस.”

तेव्हापासून विषय आदल्या दिवशी लेखी पाठवते. मीटिंगची पहिली पाच मिनिटं सगळे आपापलं मत लिहितात, माझं मी शेवटी सांगते. प्रश्न विचारला की टेबलाखाली बोटांवर दहा मोजते. (सातव्या बोटाला अजूनही जीव जातो.) कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या ५७ पिझ्झा दुकानांवरचा अभ्यास छापला होता. कामगार सांगितलं तेवढंच करणारे असतील, तर बोलक्या मॅनेजरचा नफा जास्त. ते स्वतःहून सुचवणारे असतील, तर त्याच मॅनेजरचा नफा कमी. मला तो वाचायच्या आधीच कपाने समजावलं होतं.

म्हणून ताई जिंकली असंही नाही. माझा सहकारी गप्प होता कारण तो विचार करत होता. पुढे बॉसला, म्हणजे मलाच, तोंडावर सुनावताना त्याचा आवाजही चढला नाही. इथे बॉसला नावाने हाक मारतात. आपल्याकडच्या सगळ्या शांततेला ‘स्वभाव’ म्हणणं ही निव्वळ सोय आहे, विशेषतः साहेबांची.

रविवारी व्हिडिओ कॉलवर भाच्याला विचारलं, नक्की झालं काय? “अगं, तो ना लहानपणापासूनच...” ताईने सुरुवात केली. तिला हाताने थांबवलं आणि मोजायला लागले. आठवर तो बोलला.

“मावशी, डिलिव्हरीची तारीख जमणार नव्हती, मला माहीत होतं. पण सरांनी क्लायंटला ती आधीच सांगून टाकली होती. आणि मग आम्हाला विचारलं, ‘एनी डाउट्स?’”